मोठा आकडा आणि घरचे माप
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



वार्षिक समारंभाच्या दिवशी पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ते महत्त्व आपणांस पटलेले आहे, म्हणूनच आपण मुलामुलींना येथे पाठविता. तेव्हा त्याची उजळणी न करता शाळेतल्या एका लहानशा धड्याविषयी बोलावे, असे मी ठरविले आहे. प्राथमिक शाळेच्या गणितात हा धडा येतो. किलोचे ग्रॅम करा, टनाचे क्विंटल करा, अशी त्यातली उदाहरणे असतात. परीक्षेत त्याला दोन-चार गुण असतात. त्यामुळे मुले तो उरकून टाकतात आणि पालक तर त्याची चौकशीही करीत नाहीत. परंतु या धड्याअभावी एका घराचे काय झाले, ते मी जवळून पाहिले आहे.

माझ्या परिचयाचे एक शेतकरी चाचा आहेत. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. २०२२ च्या हंगामात त्यांच्या घरी तीस क्विंटल कापूस आला. त्या वर्षाच्या अखेरीस आपल्या भागात कापसाला क्विंटलमागे साडेआठ हजारांच्या आसपास भाव होता. त्याच सुमारास चाचांनी वर्तमानपत्रात वाचले की, रुईचा भाव खंडीला ६५ हजार रुपये आहे. खंडी म्हणजे साडेतीन क्विंटलांहून थोडी अधिक, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यांनी भागाकार केला. क्विंटलला १८ हजारांहून अधिक भाव निघाला. ते मला म्हणाले, "सर, व्यापारी आम्हांला अर्धासुद्धा भाव देत नाही. आता माल घरातच ठेवतो. देईल झक मारून." आदल्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेलेला त्यांनी पाहिला होता, त्यामुळे त्यांची जिद्द अधिकच वाढली. कापूस सहा महिने घरात पडून राहिला. मुलांना अंगाला खाज सुटू लागली, माल वाळून वजन घटले, आणि २०२३ च्या जूनमध्ये पेरणीला पैसे हवेत म्हणून तोच कापूस सात हजारांनी विकावा लागला. क्विंटलमागे दीड हजार, म्हणजे तीस क्विंटलांचे पंचेचाळीस हजार रुपये गेले. शिवाय वजनाची घट आणि कर्जाचे व्याज वेगळे.

चाचांची नववीतली मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. "सर, अब्बांचा हिशेब कुठे चुकला?" असे तिने विचारले. आम्ही दोघांनी मिळून जो हिशेब मांडला, तोच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम खंडी घेऊ. आपल्या म्हाताऱ्या माणसांना वीस मणांची खंडी ठाऊक आहे. पण कापसाची खंडी निराळी होती. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, आणि कापसाची खंडी अशा २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची. किलोत सांगायचे तर ३५५.६ किलो. इथपर्यंत चाचांचे बरोबर होते. ६५ हजारांना ३५५.६ ने भागले की किलोला सुमारे १८३ रुपये येतात.

पण हा भाव कशाचा? रुईचा. चाचा विकत होते तो कापूस सरकीसकट होता. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस पिंजला की साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोंच्या आसपास सरकी निघते आणि उरलेली घट जाते. आता ३४ किलो रुई १८३ रुपयांनी ६,२२२ रुपये. सरकीला किलोमागे ३६ रुपये धरले तर ६४ किलोंचे २,३०४ रुपये. दोन्ही मिळून ८,५२६ रुपये. म्हणजे चाचांना मिळत होता जवळजवळ तोच भाव! जिनिंगची मजुरी आणि वाहतूक वजा केली तर व्यापाऱ्याला त्या भावात फारसे काही सुटत नव्हते.

ती मुलगी हुशार. तिने पुढचा प्रश्न विचारला, "आणि परदेशात काय भाव होता?" न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुईचा भाव एका पौंडाला इतके सेंट असा सांगतात. डिसेंबर २०२२ मध्ये तो ८४ सेंटच्या आसपास होता. खंडीचे पौंड ७८४ हे आपण आताच पाहिले. ८४ गुणिले ७८४ केले की ६५८ डॉलर आणि वर काही सेंट होतात. डॉलरला ८२ रुपये धरले तर खंडीला सुमारे ५४ हजार रुपये. आपल्याकडे ६५ हजार आणि तिकडे ५४ हजार! जहाजभाडे वगैरे जमेस धरले तरी आपला माल महागच होता. बाहेरदेशचा गिऱ्हाईक आपल्या दारात येऊन भाव चढवील, अशी आशा धरायला त्या वेळी आधार नव्हता.

मित्रहो, उद्या भाव चढेल की पडेल, हे गणित सांगत नाही. ते सांगतो असे म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. परंतु आज आपली फसवणूक होते आहे की नाही, हे मात्र गणित सांगते. चाचांची फसवणूक भावात नव्हती. ती होती दुसरीकडे. पट्टी नीट पाहिली तेव्हा मुलीच्या लक्षात आले की, क्विंटलमागे दोन किलो वजन 'कट्टी' म्हणून कापलेले आहे. तीस क्विंटलांचे साठ किलो. सत्तर रुपये किलोप्रमाणे ४,२०० रुपये. एका मुलीच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च त्यातून निघाला असता. ज्या व्यापाऱ्यावर चाचा भावासाठी सहा महिने रागावले होते, त्याने वजनात केलेली ही कापाकापी त्यांनी मुकाट्याने सोसली, कारण तिच्याकडे त्यांचे लक्षच नव्हते.

वजन-मापाची बाब आपल्या समाजाला परकी नाही. कुरआन शरीफची ८३ वी सूरत, सूर-ए-मुतफ्फिफीन, हिचे नावच मापात कमी देणाऱ्यांवरून आहे आणि तिचा आरंभ अशा लोकांना दिलेल्या इशाऱ्याने होतो. कमी देऊ नये, हे आपण मुलांना शिकवितो. पण कमी मिळते आहे की काय, हे ओळखायलाही शिकविले पाहिजे. त्याला हिशेब यावा लागतो.

आणि आपण असा हिशेब दरवर्षी करतोच. जकातीचा निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, हे घरोघर पाठ आहे. हा तोळा ११.६६४ ग्रॅमचा. त्या हिशेबाने सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम होतो. आज सराफकट्ट्यावर मात्र दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची पद्धत आहे. त्या तोळ्याने कोणी साडेसात तोळे मोजले, तर ७५ ग्रॅम होतील. शब्द एकच, पण वजनात बारा ग्रॅमांहून अधिक फरक पडला. फित्र्याचेही तसेच आहे. त्याचे माप 'साअ' हे मुळात भरून मोजायचे माप आहे, तोलायचे नव्हे. म्हणून निम्म्या साअ गव्हाचे वजन किलोत सांगताना काही आलिम पावणेदोन किलोंच्या आसपास सांगतात, तर काही दोन किलोंहून थोडे अधिक.

भरून मोजायचे माप आणि तोलायचे माप यांतील हा फरक आपल्या आजीला चांगला कळत असे. चार शेरांची पायली ती शिगोशीग भरून देई. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर ज्वारी यांचे वजन सारखे नसते, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते. अमेरिकेचे 'बुशेल' हे अशीच एक मोठी पायली होते. आज तेथे ते वजनाने ठरविलेले आहे, पण प्रत्येक धान्याचे वेगळे. गव्हाचे आणि सोयाबीनचे बुशेल ६० पौंडांचे, म्हणजे २७.२ किलो. मक्याचे ५६ पौंडांचे, म्हणजे २५.४ किलो. ओटचे तर अवघे ३२ पौंडांचे. शिकागोच्या बाजारात सोयाबीन दहा डॉलर बुशेल आहे असे वाचले, तर दहाला २७.२ ने भागा आणि शंभराने गुणा. क्विंटलला सुमारे पावणेसदतीस डॉलर येतील. त्याचे रुपये केले की आपल्या बाजार समितीच्या फळ्यावरील भावाशी त्याची तुलना करता येते. त्याआधी ती करता येत नाही.

आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. त्याच काळात मापे बदलत होती. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १९६२ पर्यंत जुनी वजने व्यवहारातून हद्दपार झाली. त्यापूर्वी 'मण' म्हटले की कोणता मण, हे विचारावे लागे. मुंबईचा मण सुमारे १२.७ किलोंचा, तर चाळीस शेरांचा बंगाली मण ३७.३ किलोंचा. एका शब्दाआड जवळजवळ तिपटीचा फरक होता. मेट्रिक मापांनी तो गोंधळ आपल्या पेठेतून घालविला. परंतु जगाच्या बाजारात तो अजून आहे. साध्या टनाचे उदाहरण घ्या. आपला मेट्रिक टन १,००० किलोंचा, इंग्रजी जुना टन १,०१६ किलोंचा आणि अमेरिकेतला लहान टन ९०७ किलोंचा. कापसाची आपली गाठ १७० किलोंची, तर अमेरिकी हिशेबातली ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोंची. आपल्या ३०० लाख गाठी म्हणजे ५१ लाख टन रुई. तीच रुई अमेरिकी गाठींत २३४ लाख होते. एखाद्याने दोन बातम्या शेजारी ठेवून वाचल्या, तर त्याला वाटेल की देशात ६६ लाख गाठींची तूट आली! प्रत्यक्षात एक बोंडही कमी झालेले नसते.

आता देशाच्या मोठ्या आकड्यांकडे वळू. 'दशलक्ष टन', 'लाख टन', 'कोटी टन' असे शब्द बातम्यांत येतात आणि आपण पान उलटतो. हे आकडे डोक्यात न शिरण्याचे कारण आपली बुद्धी कमी आहे, असे नव्हे. ते आपल्या घरच्या मापात नसतात, एवढेच. त्यांना घरी आणायचे तीन टप्पे आहेत. टनांचे किलो करा, लोकसंख्येने भागा आणि महिन्यांनी भागा.

खाद्यतेल घेऊ. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या तेलवर्षात भारताने सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल आयात केले. एका टनाचे हजार किलो, म्हणून हे १,६५० कोटी किलो झाले. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी ११.८ किलो वर्षाला, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक किलो. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल परदेशातून येते! त्यातले काही हॉटेलांत, काही फरसाणात, काही साबणातही जात असेल, परंतु सरासरी ही आहे. आता गृहिणींनी आपल्या घरचा महिन्याचा डबा आठवावा. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे तेल रशिया-युक्रेनकडून येते. युक्रेनमध्ये २०२२ साली युद्ध पेटले आणि आपल्या गल्लीतल्या दुकानात तेल कडाडले, ते का, हे आता निराळे सांगायला नको. जाता जाता आणखी एक रूपांतर सांगतो. तेल पाण्याहून हलके असते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. लिटरची पिशवी आणि किलोची पिशवी यांचे भाव ताडताना हे ध्यानात ठेवावे.

माझ्या पिढीची एक आठवणही याच मापाने मोजता येते. १९६५ आणि १९६६ ही दुष्काळाची वर्षे. रेशनवर अमेरिकेचा गहू आणि तांबडी मिलो ज्वारी मिळे. मिलोच्या भाकरीला घरात सगळे नाके मुरडीत, पण खाल्ल्यावाचून गत्यंतर नव्हते. १९६६ साली देशाने एक कोटी टनांहून थोडे अधिक धान्य आयात केले. एक कोटी टन म्हणजे एक हजार कोटी किलो. तेव्हा लोकसंख्या पन्नास कोटींच्या आसपास होती. माणशी वीस किलो, महिन्याला पावणेदोन किलोंच्या आत. ऐकायला थोडे वाटते. परंतु तेच धान्य दिवसांनी भागून पाहा. रोज २७ हजार टनांहून अधिक. पंधरा हजार टन धान्य मावणारे जहाज धरले, तर रोज जवळजवळ दोन जहाजे बंदरात रिकामी व्हायला हवीत, वर्षातले ३६५ दिवस, ईद नाही की दिवाळी नाही. दहा टनांच्या मालमोटारी धरल्या तर रोज २,७०० हून अधिक. एकाच आकड्याला माणसांनी भागले तर एक चित्र दिसते, दिवसांनी भागले तर दुसरे. दोन्ही खरी आहेत. म्हणून विद्यार्थ्यांनी एकाच भागाकारावर थांबू नये.

कांद्याचे उदाहरण तर आपल्या महाराष्ट्राचेच आहे. आपल्या बागवान बंधूंपैकी अनेकांचे पोट या व्यापारावर आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारने कांद्याला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य लावले. ही बातमी ऐकून अनेकांना वाटले की, सरकारने कांद्याला ८०० डॉलर भाव दिला! तसे नव्हते. त्याहून कमी किमतीत कांदा परदेशी पाठविता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. डॉलरला ८३ रुपये धरले तर टनाला ६६,४०० रुपये, क्विंटलला ६,६४० रुपये, किलोला ६६ रुपये ४० पैसे. परदेशी गिऱ्हाईक एवढी किंमत द्यायला तयार नसेल, तर माल देशातच राहणार आणि येथला भाव उतरणार. शहरातल्या गृहिणीला ते हवे होते, शेतकऱ्याला नको होते. पुढे ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंदच करण्यात आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली. कोणाची बाजू योग्य, यावर वाद होऊ शकतो. मात्र टनांचे किलो आणि डॉलरचे रुपये केल्यावाचून त्या वादात बोलणे म्हणजे नुसता आवाज करणे होय.

विद्यार्थी मित्रांनो, तात्पर्य म्हणून चार गोष्टी लिहून ठेवा. पहिली, आकडा दिसला की आधी वस्तू कोणती ते पाहा. रुई की कापूस, भात की तांदूळ, शेंगा की शेंगदाणे? चाचांचा घात येथे झाला. दुसरी, माप कोणते आणि कोणत्या देशाचे, ते पाहा. तिसरी, आकडा मोजण्याचे शब्द सांभाळा. दशलक्ष म्हणजे दहा लाख, आणि इंग्रजीतला बिलियन म्हणजे शंभर कोटी. येथे एक शून्य चुकले की दहापट चूक होते. चौथी, उत्तर आले की ते घरच्या मापाला लावून पाहा. माणशी महिन्याला शंभर किलो तेल असे उत्तर आले, तर गणित पुन्हा करा.

पालकांनाही एक विनंती आहे. बाजारातून आलेली पट्टी खिळ्याला अडकवून ठेवू नका. ती मुलाच्या, आणि विशेषतः मुलीच्या, हाती द्या. वजन किती, कडता किती, हमाली-तोलाई किती, हाती आले किती, हे तिला मांडू द्या. पहिल्या वेळी चुकेल, तर चुकू द्या. शाळेचे गणित घरच्या कामी येते, हे एकदा तिला दिसले की तिला गणिताची भीती वाटणार नाही. आणि आपल्याला दिसले की, मुलीला शाळेतून काढण्याचा विचार मनात येणार नाही.

त्या चाचांचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. पुढच्या हंगामात ते मापे करायला गेले तेव्हा मुलीने लिहून दिलेला कागद त्यांच्या खिशात होता. क्विंटलमागे दोन किलो कापायला लागताच त्यांनी विचारले, "हे कशाचे?" समोरच्याने नेहमीची कारणे सांगितली. चाचा म्हणाले, "लिहून दे." त्याने लिहून दिले नाही, आणि वजनही कापले नाही. भाव त्या वर्षी काही फार चांगला नव्हता. पण तोललेल्या प्रत्येक किलोचे पैसे घेऊन ते घरी आले. ती मुलगी आता अकरावीत आहे, विज्ञान शाखेत.

अल्लाह आपल्या सर्व मुलामुलींना इल्म देवो आणि त्या इल्माचा उपयोग करण्याची समजही देवो.